तुम्ही विचारलंत म्हणून: शॉट लिस्ट पाठवता का?

लग्नाच्या शूटिंगमध्ये नव्याने उतरलेली मुलं हमखास विचारतात, ‘दादा, तुमची शॉट लिस्ट पाठवता का?’ पाठवली असती, पण कोणकोणते शॉट घ्यायचे याची तयार लिस्ट माझ्याकडे नसते. ती दर लग्नाला नव्याने होते आणि तिच्यासाठी मी दोघांना गाठतो. एक गुरुजी. दुसरी, घरातली एखादी आत्या किंवा काकू, जिला कोण कोणावर रुसलंय इथपर्यंत सगळं ठाऊक असतं. नवरानवरीला विचारलं तर ते मोबाइल पुढे करून रील दाखवतात.

कागदावर दोनच रकाने करतो: पुन्हा मिळणारं आणि न मिळणारं. शालू, दागिने, रुखवत, हॉलची सजावट, दोघांचं हातात हात घालून चालणं, हे सगळं दुपारी जेवणं उरकल्यावरही मिळतं. अंतरपाट एकदाच दूर होतो.

शेवटचं ‘सावधान’ झालं की वाजंत्री सुरू होते, अक्षता उडतात आणि झाडून सगळे काका-मामा मोबाइल उंचावून पुढे सरकतात. म्हणून मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच जागा धरायची. एक कॅमेरा नवऱ्याच्या मागून नवरीच्या चेहऱ्यावर, दुसरा नवरीच्या मागून नवऱ्यावर, तिसरा हॉलच्या मागच्या बाजूला ट्रायपॉडवर, सबंध स्टेज दिसेल असा, मध्ये कुठेही बंद न करता. नवरीच्या मागे मामा आणि करवली उभे असतात. त्यांना आधी सांगून ठेवलं तर खांद्याजवळून जागा देतात. ऐनवेळी ‘जरा सरका’ म्हटलेलं कोणी ऐकत नाही. ‘तदेव लग्नं’ कानावर पडलं की कॅमेरा हलवायचा नाही, लेन्स बदलायची नाही, घामसुद्धा पुसायचा नाही.

आवाजाचंही तसंच. हॉलच्या माइकवर भरवसा ठेवू नका. गुरुजींना विचारून त्यांच्या उपरण्याला छोटा माइक लावा, आणि रेकॉर्डरवर दुसरा ट्रॅक कमी लेव्हलला ठेवा, नाहीतर ताशा कडाडला की आवाज फाटलाच. शटर 1/50 सेकंद, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) 25. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची; 1/60 वर गेलात तर हॉलचे दिवे व्हिडिओत लुकलुकू शकतात.

खरी गोम पुढे आहे. अक्षता पडल्या की पाहुणे पंगतीला पळतात आणि निम्मे कॅमेरेवालेही. नेमके तेव्हा कोपऱ्यात धुराच्या लोटात लाजाहोम चाललेला असतो. भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो, मग नवऱ्याचा कान पिळतो, हशा होतो, मानाचा आहेर निघतो. सप्तपदीला कॅमेरा जमिनीलगत घ्या. तांदळाच्या राशी आणि त्यांवर टेकणारं पाऊल उभ्याने घेतलं तर फक्त डोकी दिसतात. हे विधी कोणत्या क्रमाने होणार, हे गुरुजींना आदल्या दिवशीच विचारायचं, कारण घरागणिक क्रम बदलतो. जेवण काय, नंतरही मिळतं. (जिलबी मात्र संपलेली असते.)

सूनमुखाचा शॉट सोपा वाटतो, पण नाही. सासू आरशात सुनेचा चेहरा पाहते. तुम्ही नीट समोर उभे राहिलात तर आरशात तुमचाच टी-शर्ट दिसतो. सासूच्या खांद्याच्या बाजूला सरका आणि फोकस हाताने लावा. ऑटोफोकस आरशाची चौकट धरून बसतो.

आत्याकडून घ्यायची ती माणसांची यादी. कोणाला खुर्चीतून उठता येत नाही, कोण अक्षता पडल्या की लगेच गाडी पकडणार, कोणत्या मामींचं मन जपायचं. ड्रोनचा शॉट राहिला म्हणून फोन येत नाही, ‘मामींचा एकही शॉट नाही’ म्हणून येतो.

बौद्ध पद्धतीच्या लग्नाला ना अंतरपाट ना होम. तिथे बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना वंदन, त्रिशरण-पंचशील हे न मिळणाऱ्या रकान्यात जातं. 1954च्या विशेष विवाह कायद्याखालच्या नोंदणी लग्नात तीन साक्षीदार सह्या करतात आणि सगळं काही मिनिटांत आटोपतं. तिथे शूटिंग करू देतात का, हे त्या कार्यालयात आधी जाऊन विचारा, आणि सह्यांचं टेबल खिडकीच्या कोणत्या बाजूला आहे तेही बघून या.