लगाम नसलेली गाडी

स्लेज म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकी गाडी. ती ओढणाऱ्या कुत्र्यांना लगाम नसतो. सांगोल्याला आजोबांच्या खिल्लारी जोडीला वेसण होती, हातात कासरा होता. बैल भलतीकडे वळला की ओढायचा. इथे तुमच्या हातात फक्त स्लेजचा दांडा. बारा कुत्री जोडलेली असतील तर सगळ्यात पुढचं कुत्रं पंधराएक मीटरवर असतं आणि त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त तुमचा आवाज. उजवीकडे वळायला ‘जी’, डावीकडे ‘हॉ’. ऐकायचं की नाही ते शेवटी कुत्रंच ठरवतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अलास्कात फेअरबँक्सला आलो. गावाच्या पूर्वेला टू रिव्हर्स नावाची वस्ती आहे. तिथे घरटी माणसांपेक्षा कुत्री जास्त. त्यातल्या एका केनेलवर, म्हणजे कुत्री पाळायच्या आणि तयार करायच्या जागी, मी ‘हँडलर’ म्हणून जायला लागले. हँडलर म्हणजे पडेल ते काम करणारा गडी. पगार नावालाच, शिकायला मिळतं हाच मोबदला. आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, “अगं, चाबूक मारतात का त्यांना?” चाबूक नसतोच. गाडी सुटायच्या वेळी ही कुत्री जी उड्या मारतात, किंचाळतात, ते पाहिलं की त्यांना आवरायचं कसं हाच प्रश्न पडतो. म्हणून तर लोखंडी आकडा बर्फात रोवून, शिवाय दोर झाडाला बांधून गाडी अडवून धरतात.

काम सप्टेंबरात सुरू झालं, तेव्हा बर्फाचा पत्ता नव्हता. रोज सकाळी आधी शेण काढायचं (शब्द चुकीचा आहे, पण प्रमाण बघता तोच योग्य), मग मांस, चरबी आणि कोरडं खाणं गरम पाण्यात कालवून वाटायचं. मग कुत्री एटीव्हीला, म्हणजे खडबडीत वाटेवर चालणाऱ्या चार चाकांच्या उघड्या मोटारीला, जोडायची आणि चिखलाच्या वाटेवरून सावकाश पळवायची. हवा दहा अंशांच्या वर गेली की त्या दिवशी पळणं बंद. या कुत्र्यांना थंडी नाही, ऊन मारतं. दर थोड्या अंतराला थांबून पाणी. हे महिनाभर चाललं तेव्हा मला वाटलं, आपण शर्यतीचं शिकायला आलोय की गोठा सांभाळायला?

पण याच महिन्यात कुत्री कळायला लागली. अलास्कन हस्की ही कागदोपत्री नोंदलेली जात नाही. पळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेली ही मिश्र कुत्री वीस-पंचवीस किलोची, चित्रातल्या निळ्या डोळ्यांच्या गुबगुबीत हस्कीपेक्षा बरीच सडपातळ. गाडीला जोडताना प्रत्येकाची जागा ठरलेली: सगळ्यात पुढे लीड, त्यांच्या मागे स्विंग, मध्ये टीम, आणि स्लेजला लागून व्हील. व्हीलला दणकट आणि शांत डोक्याचं कुत्रं लागतं, कारण वळणावर स्लेजचा हिसका त्यालाच बसतो. एका वेतातल्या पिल्लांना एकाच प्रकारची नावं द्यायची इथे रीत आहे. आमच्याकडे एक वेत मसाल्यांचं होतं. नटमेग, क्लोव्ह, जिंजर. त्यातली नटमेग लीडला चालायची.

बर्फ पडल्यावर बूट आले. कापडी, वेलक्रोचे, बोटभर पट्टीचे. बारा कुत्र्यांचे अठ्ठेचाळीस पाय, उणे तीस अंश, आणि हातमोजे घालून वेलक्रो लागत नाही. मोजे काढा, दोन पाय करा, हात काखेत घाला, पुढचे दोन. पट्टी घट्ट झाली तर पाय सुजतो, सैल झाली तर बूट वाटेत पडतो. आयडिटरॉड ही अलास्कातली लांब पल्ल्याची स्लेजशर्यत. तसल्या शर्यतीत एका माणसाला असे हजारभर किंवा जास्तच बूट लागतात. बूट काढताना बोटांच्या मधली कातडी बघायची, मनगट वाकवून बघायचं, खांदा दाबून बघायचा. मालकीण म्हणायची, तोंड बघू नका, पाय बघा. तोंड शेवटपर्यंत हसतं.

यानंतर मुक्कामाच्या सफरी. त्यांचा क्रम ठरलेला: आकडा रोवा, पुढची दोरी ताणून बांधा, ओढायच्या दोऱ्या सोडा, बूट काढा, गवताचा पेंढा पसरा, चूल पेटवून बर्फ वितळवा. बर्फ वितळवायला किती वेळ लागतो हे ज्याने केलं त्यालाच कळतं. पातेलंभर बर्फाचं पेलाभर पाणी. नुसतं पाणी ही कुत्री पुरेसं पीत नाहीत, म्हणून त्यात मांसाचे तुकडे टाकून त्यांना फसवायचं. मग खाणं, मग पायांना मलम. हे सगळं झाल्यावर आपलं जेवण. लांबच्या शर्यतीत एक कुत्रं दिवसाला दहा हजार कॅलरींच्या आसपास खातं, म्हणजे माणसाच्या चार-पाच पट. त्यामुळे कुणी तोंड फिरवलं की तीच पहिली खूण. लंगडणं फार नंतर येतं. माझ्या वहीत पळण्याच्या वेगापेक्षा कुणी किती खाल्लं याच्याच नोंदी जास्त आहेत.

आता ज्याबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात ते: कुत्र्याला सगळं आधीच कळतं का? १९२५ साली अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा नेनाना गावापासून वीस चालकांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी ६७४ मैलांवर त्यावरचं औषध (अँटीटॉक्सिन) पोचवलं, साडेपाच दिवसांत. त्यातल्या टोगो आणि बाल्टो या लीडच्या कुत्र्यांच्या गोष्टींमुळे पुढचं कुत्रं म्हणजे साक्षात ऋषी असा समज झाला आहे. (आयडिटरॉड त्या धावेच्या स्मरणार्थ सुरू झाली हाही तसाच समज. जो रेडिंग्टन नावाच्या स्लेजचालकाने १९७३ साली ती नोमपर्यंत नेली, कारण स्नोमशीन, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटारी, आल्यावर गावागावांतून कुत्री नाहीशी व्हायला लागली होती.)

मला सहा कुत्री देऊन एकटीला पाठवायला लागले तेव्हा नटमेग दोनदा थांबली. पहिल्यांदा एका फाट्यावर. मी ‘जी’ म्हणते, ती डावीकडे बघते. कान मागे, शेपटी खाली, आणि मागची सगळी तिच्याच दिशेने वळलेली. डावीकडे घर होतं. एवढंच. मी पुढे गेले, तिचा पट्टा धरून उजवीकडे फिरवलं, आणि ती निमूट निघाली.

दुसऱ्यांदा चीना नदीवर. बर्फ सपाट, वाट स्वच्छ, आणि ती एकदम उभी राहिली. कान पुढे, नाक खाली, एक पाय उचललेला. घराच्या दिशेला बघत नव्हती, समोर बघत होती. क्लोव्हही तिच्याजवळ सरकला. मी आकडा रोवला आणि वाटेच्या कडेने काठी टोचत चालत गेले. दहा-बारा पावलांवर काठी ओली आली. याला इथे ओव्हरफ्लो म्हणतात: साचलेल्या बर्फाच्या वजनाने नदीवरचा गोठलेला थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि भुसभुशीत बर्फाखाली न गोठता तसंच राहतं. वरून काही दिसत नाही. त्या थंडीत पाय भिजले की हिमदंश ठरलेला, माणसाचा काय नि कुत्र्याचा काय. आम्ही काठावर चढून झुडपांतून वळसा घेतला.

थांबली दोन्ही वेळा. एकदा हट्ट, एकदा धोका. कुत्र्याला नेहमीच कळतं असं मानलं असतं तर फाट्यावरून घरी आले असते. कधीच कळत नाही असं मानलं असतं तर नदीत गेले असते. कान, शेपटी आणि बाकीच्यांचं वागणं हा फरक वाचायला सप्टेंबरपासूनचा तो गोठाच कामी आला.

मार्चमध्ये मालकिणीबरोबर अँकरेजच्या उत्तरेला असलेल्या विलो गावाला गेले. आयडिटरॉडची खरी सुरुवात एरवी तिथून होते. बर्फ कमी पडला म्हणून २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ साली ती फेअरबँक्सला हलवावी लागली, पण आमच्या वर्षी विलोला बर्फ होता. हँडलर दोऱ्या धरून गाडी रेषेपर्यंत चालवत नेतात आणि तिथे सोडतात. त्यापुढे कुत्र्यांचं सगळं चालकाने एकट्याने करायचं. चोवीस तासांचा एक आणि आठ तासांचे दोन सक्तीचे थांबे. थांब्याथांब्यावर पशुवैद्य तपासतात. या शर्यतीत कुत्री मेलेली आहेत, तिच्याविरुद्ध निदर्शनं होतात, आणि तो आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. माझं मत विचाराल तर ज्या केनेलवर कुत्र्याला शर्यतीतून लवकर काढतात तिथेच काम करावं.

क्लोव्हला असंच काढलं, मनगट दुखतं म्हणून. स्वयंसेवक वैमानिक अशा कुत्र्यांना छोट्या विमानांतून परत आणतात. मी त्याला अँकरेजहून पिकअपमध्ये घेऊन आले. वाटेत माझं सँडविच त्याने खाल्लं, म्हणजे काळजीचं कारण नव्हतं.

पुण्या-मुंबईचे काहीजण विचारतात, यायचंय, कधी येऊ? सगळ्यांना मार्चमध्ये यायचं असतं, फोटोसाठी. ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी सप्टेंबरात यावं, गमबूट घेऊन.