पाच नंबरचं बेअरिंग

इंजिनाच्या चाचणीत शंभर टक्के लोडवर चाळीस मिनिटं झाली होती. पाच नंबरचं मेन बेअरिंग (इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ज्यांत फिरतो त्यातलं एक) ८७ डिग्री दाखवत होतं, बाकीची सहा ८२ ते ८४ मध्ये. अलार्मला अजून बरीच जागा होती, त्यामुळे काचेआड बसलेल्यांना त्याचं काही नव्हतं. मला होतं. ती सातही बेअरिंगं मीच बसवली होती.

बोटीचं सहा सिलिंडरांचं इंजिन, आणि टेस्ट बेडवर त्याच्यापुढे प्रोपेलरचं सोंग घेतलेला वॉटर ब्रेक. २५, ५०, ७५ टक्के सुरळीत गेले. शंभरवर तास काढला की ११०. (म्हणजे आरपीएम दहा टक्के वाढवायचे, असं नव्या पोरांना वाटतं. प्रोपेलर वेगाच्या घनाने ताकद खातो, त्यामुळे वेग जेमतेम ३.२ टक्केच वाढतो.) इंजिन पास करणारे सर्व्हेअर वही उघडून उभे होते.

८८.

"दादा, सेन्सर गंडला असेल," ज्युनिअर म्हणाला. तसं असतं तर बरंच झालं असतं. पण सकाळी थंड इंजिनावर सातही सेन्सर एकसारखे होते, पन्नास टक्क्यांपर्यंतही पाच नंबर रांगेतच होता. बिघडलेला सेन्सर उड्या मारतो, असा एकेक डिग्री चढत नाही.

८९ झाल्यावर मी फोरमनना म्हणालो, "साहेब, लोड उतरवूया." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही न बोलता लोड उतरवायला सांगितलं.

थोडा वेळ रिकामं फिरवून इंजिन बंद केलं, तर ज्युनिअर पाना घेऊन थेट क्रँककेसच्या, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीच्या, दाराकडे. त्याला मागे ओढला. आत काही तापलं असेल तर तेलाचं धुकं साचलेलं असतं, दार उघडून त्यात ताजी हवा शिरली की भडका उडायला वेळ लागत नाही. १९४७ मध्ये 'रेना डेल पॅसिफिको' जहाजाच्या ट्रायलला क्रँककेसच्या स्फोटांत २८ माणसं गेली, ते त्याला सांगितलं. अर्धा तास नुसते बसून राहिलो. त्या अर्ध्या तासात मी ते बेअरिंग मनातल्या मनात दहा वेळा पुन्हा बसवलं आणि दर वेळी ते बरोबरच बसत होतं.

हायड्रॉलिक जॅक लावून नट सोडवले, कॅप खाली घेतली. खालच्या शेलवर, म्हणजे बेअरिंगच्या खालच्या अर्धगोल पत्र्यावर, आतल्या बाजूला अंगठ्याच्या नखाएवढा चकचकीत डाग. बाकी सगळं छान करडं, एकसारखं. शेल उलटं केलं. पाठीवर बरोब्बर त्याच जागी पुसायच्या चिंधीचा एक धागा, चपटा होऊन कागदासारखा चिकटलेला.

शेलची पाठ कोरडी आणि स्वच्छ हवी, हे मी स्वतः दुसऱ्यांना शिकवतो. जर्नल, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, ज्या तेलावर तरंगतं तो थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असू शकतो. मागे धागा असला की शेल पुढे फुगतं आणि तेवढ्या जागी तेल उरतच नाही. जर्नलवरून नख फिरवून पाहिलं, ओरखडा नव्हता. हायसं वाटलं, पण गुडघे जरा थरथरतच होते.

धागा पिशवीत घालून रिपोर्टला जोडला. सर्व्हेअरनी पिशवी उजेडात धरली. "चिंधी कोणाची?"

"माझी."

त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नवं शेल टाकून दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून चालवलं. ११० टक्क्यांवर पाच नंबर ८४ वर थांबला. तरी मी जेवायला गेलो नाही, आकड्यासमोरच बसून होतो.