बाथरूमचे नळ टाइल्सच्या आधी ठरवा

डायव्हर्टरची (पाणी शॉवर किंवा नळाकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हची) बॉडी भिंतीत गाडली जाते, म्हणून कंपनी आणि मॉडेल प्लंबिंगआधीच पक्कं करा. बॉडी एका कंपनीची आणि वरची प्लेट-हँडल दुसऱ्याचं, हे सहसा बसत नाही. बॉडीवर किमान-कमाल खोलीची खूण असते. प्लास्टर, टाइल चिकटवायचा मसाला आणि टाइल धरून भिंतीचा पृष्ठभाग त्या दोन खुणांमध्येच यायला हवा. बॉडी जास्त आत गेली की एक्स्टेन्शन (लांबी वाढवणारा जोड) शोधत फिरा!

रंग जुळवताना लोक शॉवर बघतात, पण बेसिनखालचा बॉटल ट्रॅप (सांडपाण्याचा बाटलीसारखा भाग), वेस्ट कपलिंग (बेसिनच्या भोकातला निचऱ्याचा जोड), अँगल कॉक (भिंतीवरचा छोटा बंद-चालू नळ) आणि जमिनीवरची जाळी विसरतात. मग काळ्या नळाखाली चकचकीत क्रोम. रोझ गोल्डची छटा कंपनीगणिक बदलते, तेव्हा सगळं एकदमच घ्या. बोअरचं पाणी असेल तर मॅट काळा टाळाच. क्षारांचे पांढरे डाग त्यावर लगेच उठून दिसतात.