चाक उलटं धरलं आणि

सहार एअर कार्गोला एकोणीस वर्षं क्लिअरिंगचं, म्हणजे परदेशातून आलेला माल कस्टम्समधून सोडवायचं काम करतोय, त्यातली निम्मी ऑटो पार्ट्समध्ये गेली. ब्रेक पॅड, बेअरिंग, हेडलाइट, खोका उघडायच्या आधी हेडिंग, म्हणजे कस्टम्सच्या यादीतला मालाचा नंबर, तोंडपाठ असतं. पण गेल्या महिन्यातलं एक पार्सल डोक्यातून जात नाहीये.

इटलीहून आलेला खोका, आत एकच स्टीअरिंग व्हील. इनव्हॉइसवर '१९६४ च्या रेसिंग कारवरचं मोमो स्टीअरिंग, संग्राह्य वस्तू', सोबत विकणाऱ्याचं सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट. मागवणारे काका आमचे जुने क्लायंट. तरुणपणी दादरहून मद्रासची गाडी पकडून तिथल्या शोलावरमच्या रेस बघायला जायचे, ज्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या तिच्याबद्दल बोलायला लागले की अजून हाताने गिअर टाकतात. १९६४ हे साल त्यांना हवंच होतं कारण त्या वर्षी जॉन सर्टीज फेरारीतून फॉर्म्युला वन चॅम्पियन झाला, ग्रॅहम हिलपेक्षा फक्त एका पॉइंटने, आणि त्याच्या गाडीला जानपिएरो मोरेत्तीने बनवलेलं जाड ग्रिपचं स्टीअरिंग होतं. मोमो हे त्याच्या स्टीअरिंग कंपनीचं नाव, म्हणजे मोरेत्ती आणि मोंझा, इटलीतला रेस ट्रॅक. हे सगळं काकांनी मला फोनवर अर्धा तास सांगितलं होतं.

मी बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचं आयातीचं डिक्लरेशन, ९७०५ मध्ये फाइल केलं, म्हणजे ऐतिहासिक महत्त्वाची संग्राह्य वस्तू. साधा पार्ट असता तर ८७०८ ९४, स्टीअरिंग व्हील. फरक फक्त ड्युटीचा नसतो. माल वापरलेला असेल आणि तो कॅपिटल गुड्स, म्हणजे यंत्रसामग्री वगैरे नसेल, तर डीजीएफटीचं, म्हणजे विदेश व्यापार खात्याचं ऑथरायझेशन लागतं, ते नसेल तर माल अडकतो. पर्सनल यूजखाली ९८०४ मध्ये आणता आलं असतं, पण पैसे फर्मच्या खात्यातून गेलेले आणि आयईसी, म्हणजे आयातदाराचा कोड, पण काकांच्या फर्मचाच, तो रस्ता बंद. आणि मी फर्स्ट चेक मागितला नाही. फर्स्ट चेक म्हणजे आधी माल उघडून बघा, मग असेसमेंट करा, म्हणजे हेडिंग आणि ड्युटी ठरवा. दोन दिवस जास्त जातात, माल पडून राहिल्याचं भाडं, डेमरेज चढतं, म्हणून कागदावर विसंबलो.

फेसलेस, म्हणजे ऑनलाइन असेसमेंट आल्यापासून असेसमेंट करणारा ऑफिसर दुसऱ्या कुठल्या तरी शहरात बसलेला असतो, त्याला पीडीएफ दिसते, वस्तू दिसत नाही. एक क्वेरी आली, सर्टिफिकेट अपलोड केलं, पास. सिस्टीम वेगवान झाली हे मान्य, पण या कामात हाताने धरून बघण्याला काही किंमत होती ती गेली, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

शेडमध्ये एक्झामिनेशनला कस्टम्सच्या अप्रेझर मॅडम आल्या, माल तपासणाऱ्या ऑफिसर. या बाईंबद्दल मला आदर आहे, घाईत सही करत नाहीत. मी बबल रॅप काढला आणि खरं सांगतो, चाक हातात घेतल्यावर काका आठवले. साडेतीनशे मिलिमीटरचं, तीन स्पोक, मधे सहा बोल्टची भोकं. मापाचा व्हर्नियर बॅगेतच असतो, भोकांचं वर्तुळ मोजलं तर सत्तर मिलिमीटर, म्हणजे मोमोच, नार्डी या दुसऱ्या कंपनीचं असतं तर चौऱ्याहत्तर आलं असतं. लेदर उजवीकडे कडक झालेलं, तीन-चार टाके उसवलेले, आणि डाव्या अंगठ्याच्या जागी घासून घासून आतला पांढरट भाग वर आलेला. एवढी झीज शोकेसमध्ये ठेवून येत नाही. कुणीतरी हे चाक वर्षानुवर्षं जोरात ओढलंय.

मॅडमनी विचारलं, "खूण काय आहे यावर?" मी स्पोक दाखवायला चाक उलटं केलं.

मागे केबीए आणि ७० ने सुरू होणारा पाच आकडी नंबर कोरलेला. हा जर्मनीच्या वाहन खात्याच्या मान्यतेचा नंबर, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीला हे चाक बसवायला परवानगी आहे. नुसत्या रेसच्या गाडीला ती कशाला लागते? आणि दुसऱ्या स्पोकवर बारीक ठोकलेला महिना आणि साल, ४-७९.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांना केबीए म्हणजे काय ते माहीत असायचं कारण नाही आणि ४-७९ हा कुठला तरी पार्ट नंबर आहे असं मी म्हणू शकलो असतो. आम्हा कस्टम्स ब्रोकरच्या नियमात स्पष्ट आहे, क्लायंटला नीट सांगा, तो ऐकत नसेल तर कस्टम्सला सांगा. पाच मिनिटं मागून बाहेर आलो, काकांना फोन लावला. सगळं सांगितलं, हेडिंग बदलेल, जुना माल म्हणून फाइन आणि पेनल्टी लागेल हेही. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "तू तोंडाने खोटं बोलू नकोस. जे आहे ते सांगून टाक."

सांगितलं. ८७०८ ला गेलं, ऑर्डर निघाली, रिडेम्प्शन फाइन, म्हणजे जप्तीऐवजीचा दंड, भरून माल सुटला. विकणाऱ्याला तीन मेल केले, एकाचंही उत्तर नाही. चाक अस्सल आहे, साल खोटं आहे, आणि पैसे सालाचे घेतलेत, याला मी फसवणूकच म्हणतो. पण फाइल मी केली होती. सहा हजार किलोमीटरवरच्या माणसाच्या सहीवर मी माझी सही ठेवली, आणि फर्स्ट चेक मागितला असता तर निदान चुकीच्या डिक्लरेशनचा ठपका काकांच्या फर्मवर आला नसता. एजन्सी चार्जेस घेतले नाहीत, त्याने काही भरून निघत नाही.

डिलिव्हरी द्यायला स्वतः गेलो. काकांनी चाक दोन्ही हातांनी धरलं, डावा अंगठा बरोबर त्या झिजलेल्या जागी बसला. मग उलटं करून ४-७९ वर बोट फिरवत म्हणाले, "एकोणऐंशी. कोण चालवत असेल रे हे?"

कस्टम्सच्या ऑर्डरची एक कॉपी त्यांनी मागून घेतली, चाकाबरोबर ठेवायला. इटलीचं सर्टिफिकेट मला परत दिलं, ते अजून माझ्या बॅगेत आहे.