मानदेरू: सात खणांसाठी चार किलोमीटरांची पायपीट

मानदेरू या जुन्या लाकडी मंडपाच्या फळ्यांवर मांडी घालून बसायचे आणि समोरची नदी पाहायची, एवढ्यासाठी मी दक्षिण कोरियातील आंदोंगला गेलो होतो, कारण मी पाहिलेल्या सगळ्या छायाचित्रांत लोक तसेच बसलेले होते. ती छायाचित्रे जुनी आहेत. आता वर चढायला मनाई आहे, आणि हे मला कळले ते हाहवे गावातून ऑगस्टच्या उन्हात चार किलोमीटर चालून, ओंडक्यात खाचा पाडून केलेल्या त्या जिन्यापुढे उभा राहिल्यावर.

त्या चार किलोमीटरांविषयी आधी लिहितो. नकाशावर नदीकाठची सपाट दिसणारी ही वाट प्रत्यक्षात ह्वासान डोंगराची सोंड ओलांडते. सिंहगड चढणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही. जीव काढते ती दमट हवा, आणि मला तरी वाटेत पाण्याचे एकही दुकान दिसले नाही. आंदोंगहून हाहवेला येणाऱ्या बसपैकी दिवसातल्या मोजक्याच पुढे, मानदेरू जिथे आहे त्या ब्योंगसानपर्यंत जातात. थांब्यावरच्या एका गृहस्थांनी "येईल" म्हटले म्हणून मी पाऊण तास तिष्ठत राहिलो आणि आलेली बस तिथूनच परत फिरली. तेव्हा जाण्याच्या आणि परतीच्या अशा दोन्ही वेळा आंदोंगमध्येच लिहून घ्याव्यात. हाहवे गावाला अर्धा दिवस पुरतो.

ब्योंगसान सोवॉन ही कन्फ्यूशियन विद्येची पाठशाळा, आणि मानदेरू हा तिचा पुढचा मंडप. 1592 ते 1598 च्या जपानी आक्रमणात राज्याचा मुख्य मंत्री असलेला र्‍यू सोंग-र्‍योंग मूळचा हाहवेचा; त्याने 1572 साली जवळची एक जुनी शाळा या जागी हलवली. 1607 साली तो वारल्यावर काही वर्षांतच त्याच्या स्मृतीसाठी येथे पूजागृह उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात दरबाराने देशभरातल्या शेकडो पाठशाळा बंद केल्या, तेव्हा टिकलेल्या 47 मध्ये ही होती. 2019 साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या नऊ पाठशाळांतही ती आहे. प्रवेशाला पैसे लागत नाहीत.

'रू' म्हणजे खांबांवर उचललेला, चारी बाजूंनी मोकळा मंडप. मानदेरू सात खण लांब आणि दोन खण रुंद आहे. त्याला भिंत नाही, रंग नाही, नक्षी नाही. मनाईमुळे चिडून मी खालीच रेंगाळलो आणि त्यामुळेच खरी गंमत दिसली. खालचे खांब झाड वाढले तसेच वाकडे ठेवलेले आहेत, आणि तळखडे म्हणजे अक्षरशः उचलून आणलेले दगड. आपल्या वाड्यांत तळखडा घडवून त्यावर खांब उभा करतात. इथे दगडाला टाकी लावलेली नाही, तर त्याच्या उंचवट्या-खळग्यांप्रमाणे खांबाचा बुडखा छाटून बसवलेला आहे. 2024 च्या डिसेंबरअखेर एका मालिकेच्या चित्रीकरणासाठी याच मंडपाच्या खांबांत खिळे ठोकले गेले, हे आठवल्यावर मनाईवरचा माझा राग बराच ओसरला.

मंडपाखालून पायऱ्या चढून अंगणात यावे, बूट काढून समोरच्या इप्ग्योदांग या अध्यापनगृहाच्या ओसरीवर बसावे आणि मागे वळून पाहावे. छपराचा उतार, खालची जमीन आणि मधले खांब यांच्या चौकटींत नाकदोंग नदी आणि पलीकडचा डोंगर सात तुकड्यांत दिसतो. ब्योंगसान म्हणजे पडद्याचा डोंगर, घडीच्या पडद्याचा, हे नाव मला तिथे बसल्यावर उमगले. मानदेरूवर चढून हे दृश्य दिसलेच नसते, त्यामुळे वर जाता न आल्याची हळहळ कोणी करू नये. ऑगस्टमध्ये आवारातली सावणीची झाडे गुलाबी फुलांनी भरलेली असतात, पण ती नसती तरी माझे मत बदलले नसते.

मंडपाचे नाव चिनी कवी दू फू याच्या ओळीवरून आले आहे: हिरवा पडदा संध्याकाळी समोर बसून पाहावा. नेमके तेच बसने जाणाऱ्याला जमत नाही. उन्हे कलून डोंगराच्या घड्या नुकत्या उठून दिसू लागल्या होत्या, आणि शेवटच्या बससाठी मला बुटांचे बंद बांधावे लागले. म्हणून दुपारी उशिरा जावे, दार बंद होईपर्यंत ओसरीवर बसावे, आणि परतीची टॅक्सी जातानाच ठरवून ठेवावी, भाडे कितीही टोचले तरी.