चोवीस नंबर सोडताना

मंगळवार, 31 ऑक्टोबर 2023. रात्री साडेदहा

आज हॅलोविन. सहापासून दारावर पोरांची रीघ होती. क्लीव्हलंडची थंडी यंदा वेळेआधीच उतरली आहे, त्यामुळे निम्म्या पऱ्या आणि राक्षस जाडजूड जॅकेटांखाली दडलेले. त्यात एक पाच-सहा वर्षांचा मुलगा आला. डोक्यावर ब्राउन्सचं, म्हणजे आमच्या गावच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं, नारिंगी हेल्मेट, स्वेटरवर ताणून चढवलेली 24 नंबरची जर्सी, गुडघ्यापर्यंत लोंबणारी. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "मी निक चब आहे." त्याच्या पिशवीत दोन मुठी जास्त टाकल्या आणि दार लावून आत आले. आत टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्याच निक चबला माझ्या संघातून काढायचं की नाही, हा प्रश्न तासभर तसाच पडून होता.

आमच्या लॅबमधल्या बारा जणांची फँटसी लीग आहे. ऑगस्टच्या शेवटी ड्राफ्ट झाला, म्हणजे खेळाडूंची वाटणी, आणि जो तो आपापले खेळाडू घेऊन बसला. मग दर रविवारी ते खरे खेळाडू मैदानात जे करतात त्याचे गुण आपल्या खात्यात. धावत किंवा झेलून मिळवलेल्या दर 10 यार्डांना 1 गुण, प्रत्येक झेलाला 1, टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेला की, 6. क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, फेकीच्या 25 यार्डांना 1 आणि फेकीच्या टचडाउनला 4. एवढंच असतं तर ड्राफ्टच्या दिवशीच सगळं संपलं असतं. पण माणसं जायबंदी होतात, कुणाची जागा दुसरा घेतो, हंगामाच्या मधल्या बऱ्याच आठवड्यांत काही संघांची सुट्टी असते. म्हणून मंगळवारची रात्र. जे कुणाच्याच संघात नाहीत त्यांच्यासाठी प्रत्येकानं गुपचूप बोली लावायची, पहाटे पाकिटं उघडतात, ज्याची बोली मोठी त्याला खेळाडू. अख्ख्या हंगामाला 100 डॉलर, तेही कागदावरचे. संपले की संपले. शिवाय एक घेतला की एक सोडावाच लागतो.

मला आजोबांबरोबर खरसुंडीच्या जत्रेत गेलेलं आठवतं. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबत बैलाचा सौदा चालायचा, भाव कुणाला कळायचा नाही. शिंगं रंगवलेल्या, झुली घातलेल्या जोड्यांकडे आजोबा फार वेळ बघत नसत. म्हणायचे, आधी चालवून दाखव.

आज माझ्या हातात 41 डॉलर उरले आहेत. सप्टेंबरात 47 एकदम गेले, ते डेव्हॉन एचॅनसाठी. मायामीनं 24 सप्टेंबरला डेन्व्हरला 70-20 असं धुतलं, त्यात या नवख्या पोरानं 203 यार्ड धाव घेतली आणि चार टचडाउन केले. पुढचे दोन रविवारही त्यानं गाजवले आणि मग गुडघा दुखावला. आयआरवर, म्हणजे जखमींच्या यादीत गेला, किमान चार सामने बाहेर. परत येईल तो 19 नोव्हेंबरच्या सुमाराला. त्याला सोडणं शक्य नाही.

खरी अडचण पुढेच आहे. आमच्या लीगमध्ये आयआरची जागा एकच, आणि तिथे सहा आठवड्यांपासून चब बसला आहे. 18 सप्टेंबरला, सोमवारी रात्री, पिट्सबर्गमध्ये त्याचा डावा गुडघा गेला. कॉलेजात असताना 2015 साली गेला होता तोच. इतका वाईट की टीव्हीवाल्यांनी तो क्षण पुन्हा दाखवला नाही. एक शस्त्रक्रिया झाली, दुसरी व्हायची आहे. या हंगामात तो खेळणार नाही, हे त्या रात्रीच सगळ्या गावाला कळलं होतं. तरी मी त्याला ठेवलं. त्याच्यापायी एचॅनला साध्या बेंचवर, म्हणजे राखीव खेळाडूंत, जागा द्यावी लागली आणि एक चालती जागा तीन आठवडे अडकून पडली. सातव्या आठवड्यात सहा संघ सुट्टीवर होते, तेव्हा माझ्याकडे उतरवायला धड तिसरा रिसीव्हर, म्हणजे फेकी झेलणारा, नव्हता. तो सामना मी चार गुणांनी हरले.

आम्ही 2018 च्या उन्हाळ्यात या गावात आलो. त्याच वर्षी ब्राउन्सनं चबला खऱ्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले खेळाडू निवडतात तेव्हा, दुसऱ्या फेरीत घेतलं. पहिल्या हिवाळ्यात मला इथे कुणी ओळखीचं नव्हतं. रविवारी दुपारी शेजारच्या आजोबांनी हाक मारली, "या, सामना बघा," आणि त्यांच्या सोफ्यावर बसून मी फुटबॉल शिकले. पहिलं नाव पाठ झालं ते चबचं. टचडाउन केला तरी हा माणूस नाचायचा नाही, चेंडू पंचाच्या हातात द्यायचा आणि परत फिरायचा. गेल्या वर्षी 1,525 यार्ड धावला, तरी तसाच. असा माणूस यादीतून काढायला बोट पुढे सरत नव्हतं.

त्यातच परवा, रविवारी, कर्क कझन्सची टाच गेली. अकिलीस, म्हणजे टाचेमागची कंडरा. तो माझा क्वार्टरबॅक. म्हणजे आज क्वार्टरबॅक शोधणं आलंच. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आहे, विल लेव्हिस. टेनेसीकडून परवा पहिलाच सामना सुरुवातीपासून खेळला आणि चार टचडाउन फेकले. नुसत्या त्यांचेच 16 गुण.

मुलगा सातवीत आहे. गोळ्यांची पिशवी पालथी घालून रंगांप्रमाणे ढीग लावत होता. मध्येच म्हणाला, "आई, डॉब्ज घे ना." जॉश डॉब्ज ऑगस्टपर्यंत आपल्याच गावात होता. तिथून ॲरिझोना, आणि आज दुपारी चारला खेळाडूंच्या देवाणघेवाणीची मुदत संपायच्या आत त्याला मिनेसोटानं उचललं, कझन्सच्या जागेसाठी. शिक्षणानं एरोस्पेस इंजिनिअर, म्हणून मुलाचा लाडका. मी म्हटलं, "बाळा, या रविवारी त्यांचा दुसरा पोरगा खेळणार आहे. डॉब्जला अजून लॉकर सापडायचाय." तो म्हणाला, "मग शून्य डॉलर लाव."

शून्य डॉलरला घ्यायचं तरी जागा हवीच. रात्री दहा वाजता चबच्या नावापुढचं वजाचं चिन्ह दाबलं. "नक्की काढायचं का?" असं विचारतात, तिथेही हो म्हटलं. एचॅन आयआरवर गेला. कझन्सच्या जागी लेव्हिस, 19 डॉलर. मोकळ्या जागेवर डॉब्ज, शून्य.

मंगळवार, 7 नोव्हेंबर

दोघंही मिळाले. लेव्हिसला गुरुवारी लगेच उतरवलं, पिट्सबर्गविरुद्ध, त्यांच्याच मैदानात, मधे फक्त तीन दिवसांची उसंत. 262 यार्ड, टचडाउन एकही नाही, शेवटाला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात. ही माझी चूक आहे आणि ती मला नीट लिहून ठेवायची आहे. मी त्याचा मागचा रविवार विकत घेतला. पुढचा गुरुवार कुणाशी आहे, कुठे आहे, ते डोळ्यांसमोर असून बघितलं नाही. चारपैकी तीन टचडाउन एकट्या डिआंद्रे हॉपकिन्सनं झेललेले होते, हेही मला ठाऊक होतं. अशी दुपार दर आठवड्याला येत नाही.

आणि परवा रविवारी काय झालं! मिनेसोटाचा तो नवा पोरगा डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि डॉब्जला मैदानात यावं लागलं. येऊन पाच दिवस झालेले, मुख्य अकरा जणांबरोबर धड सरावही नाही. प्रशिक्षक हेल्मेटमधल्या रेडिओवरून त्याला एकेक चाल समजावून सांगत होते, आणि तो रेडिओसुद्धा घड्याळात 15 सेकंद उरले की बंद होतो. त्यानं दोन टचडाउन फेकले, एक स्वतः धावून केला, 66 यार्ड पळाला आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात अटलांटाकडून 31-28 सामना काढला. मुलगा सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. डॉब्ज माझ्या बेंचवर होता, गुण मोजले गेले नाहीत, तरी त्या दुपारी मला त्याचं वाईट वाटलं नाही. एखादा माणूस अशा प्रसंगी कसा उभा राहतो, ते बघायला मिळालं.

आज लॅबमध्ये सकाळपासून कीटन मिचेलची चर्चा. बॉल्टिमोरचा, खऱ्या ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला पोरगा. सिॲटलविरुद्ध नऊ वेळा चेंडू मिळाला आणि 138 यार्ड, एक टचडाउन. धावणं बघितलं की डोळे दिपतात, खोटं नाही. पण नऊच वेळा, आणि तोही सामना 37-3 असा एकतर्फी. गोलरेषेजवळ चेंडू अजून गस एडवर्ड्सकडेच जातो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडून बसले आणि मिचेलऐवजी दुसरंच नाव काढलं. डेव्हिन सिंगलटरी, ह्यूस्टनचा.

कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, कारण रविवारी त्याची धाव पार फसली. तेरा वेळा चेंडू, तीस यार्डही नाहीत. त्या सामन्यातलं बाकी सगळं विलक्षण होतं. ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक स्ट्राउड, त्यानं 470 यार्ड फेकले, किकर जखमी झाला म्हणून एका रनिंग बॅकनं, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्यानं, लाथेनं फील्ड गोल मारला. त्या गदारोळात सिंगलटरीकडे कोण बघणार? पण माझ्या मते बघायचं होतं ते हेच, की त्यांचा नेहमीचा पळणारा डेमियन पिअर्स, त्याचा घोटा दुखावला आहे, पळायचं सगळं काम सिंगलटरीकडे आलं आहे, आणि स्ट्राउडच्या फेकीला घाबरून समोरचे मागे सरकू लागले की त्याला वाट मिळणार. यार्ड वर-खाली होतात. काम टिकतं. हंगामाच्या सुरुवातीला नवीन नाव घ्यायला हरकत नसते, तेव्हा कुणालाच काही माहीत नसतं. आता नऊ आठवड्यांचा हिशेब समोर आहे. कोण किती वेळ मैदानात होता, किती वेळा चेंडू त्याच्याकडे आला, दोन्ही आकडे फुकट मिळतात.

22 डॉलर उरलेत. सिंगलटरीला 6 लावले. लेव्हिसला सोडला.

मंगळवार, 14 नोव्हेंबर. पाडवा

मिचेल 35 डॉलरला गेला, सिंगलटरी 6 ला माझ्याकडे आला. दुसरं कुणी बोलीच लावली नव्हती.

रविवारी लक्ष्मीपूजन. पूजा संध्याकाळची, पण सामने तिन्ही दुपारी एकचे. शंकरपाळ्यांचा शेवटचा घाणा तळताना टीव्हीवर ब्राउन्स, मुलाच्या टॅबवर ह्यूस्टन आणि फोनवर मिनेसोटा. बॉल्टिमोरनं सुरुवातीलाच ब्राउन्सची फेक पकडून टचडाउन केला. पाठोपाठ मिचेल 39 यार्ड पळून थेट आत. लॅबच्या ग्रुपवर लगेच फटाक्यांची चित्रं आली. मी झारा हातात धरून बघत राहिले. मग मिचेल दिसेनासा झाला, चेंडू दुसऱ्यांकडे जात राहिला.

तिकडे सिंगलटरी. सिनसिनाटीत 30 वेळा चेंडू, 150 यार्ड, एक टचडाउन. मधे मधे मुलगा नुसता आकडा सांगायचा, "आई, अठरा. आई, तेवीस." झेपावणं नाही, उड्या नाहीत. चार यार्ड, पाच यार्ड, उठायचं, परत रांगेत. शेवटी शेवटी मी गॅस बंद करून त्याच्याशेजारी जाऊन बसले. डॉब्जनंही न्यू ऑर्लिन्सविरुद्ध एक टचडाउन फेकला, एक धावून केला, आणि या वेळी तो माझ्या मुख्य संघात होता. ब्राउन्स 24-9 असे मागे असताना तिथून परतले आणि शेवटच्या सेकंदाच्या किकवर 33-31 जिंकले. शेजारचे आजोबा अंगणात येऊन ओरडत होते. त्यांना डबाभर शंकरपाळ्या नेऊन दिल्या. ते म्हणाले, "चब असता तर इतकी वेळच आली नसती."

आज ओवाळणं झालं, जेवणं झाली. सांगलीहून आईचा फोन येऊन गेला. मंगळवारची यादी परत समोर आहे. मिनेसोटाच्या मॅटिसनला रविवारी डोक्याला मार लागला आणि टाय चँडलरला पंधरा वेळा चेंडू मिळाला. हेही काम हातात आलेलं दिसतंय. 16 पैकी 9 लावले. एचॅन या रविवारी परत येईल तेव्हा त्याला आयआरवरून खाली आणावं लागेल आणि आणखी एकाला जावं लागेल. कोण, ते ठरवलं आहे. ऑगस्टमध्ये सहाव्या फेरीत घेतलेला रिसीव्हर. त्याच्याकडे महिनाभर आठवड्याला तीनच फेकी येत आहेत. तेव्हा तो मिळाला म्हणून मी टाळी वाजवली होती. आज त्याच्यावर फार वेळ घालवला नाही.

यादी खाली सरकवताना चब दिसला. नावापुढे लाल खूण, कुणीच घेतलेला नाही. मुलगा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"आई, रविवारी आयआरची जागा रिकामी होईल ना?"

"होईल."

"मग परत घेऊया त्याला?"

म्हटलं, रविवारी बघू. तो झोपायला गेला. मी बोली पुन्हा एकदा तपासली आणि 9 च्या जागी 11 केले.