नुसती खांद्यावर नको

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्याच एका रस्त्यावरच्या साड्यांच्या दुकानात मी बावीस वर्षं गादीवर आहे. लग्नसराईत दिवसाला चाळीस-पन्नास वेळा तरी माझ्या खांद्यावर पदर येतो. बस्ता बांधायला आलेलं वऱ्हाड समोर बसलेलं असतं, नवरीची आत्या म्हणते, "अंगावर टाकून दाखवा की." मी उभा राहतो, पँटवरूनच एक टोक कमरेला खोचतो, भराभर निऱ्या घेतो, पदर डाव्या खांद्यावरून सोडतो आणि आरशाकडं वळतो. कुणी हसत नाही. नवरीचा बाप, पांढरं धोतर, भरघोस मिशा, मला वरपासून खालपर्यंत नीट बघतो आणि विचारतो, "रंग जाईल का?"

हेच मी घरी करतो तेव्हा आधी दाराला कडी लावतो.

आता लिहूनच टाकतो. मला साडी नेसायला आवडतं. मला बाई व्हायचं नाही, ऑपरेशन करायचं नाही, पुरुषांची ओढ नाही. बायकोवर जीव आहे, पोरगी नववीला आहे. महिन्यातून दोन-तीनदा, पोरगी क्लासला गेली की, तासभर साडी नेसून चहा पितो, पेपर वाचतो. ऐकणाऱ्याला वाटतं, यापुढं काहीतरी भानगड असणार. यापुढं काही नाही. चहा संपतो, साडीची घडी घालतो, कडी काढतो. मोठ्या शहरातले लोक माझ्यासारख्याला क्रॉसड्रेसर म्हणतात. आमच्याकडं जे म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बायकोला माहीत आहे. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर सांगितलं. तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "माझ्या पैठणीला हात लावायचा नाही. तुमच्या तुम्ही घ्या." तेव्हापासून कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझ्या सात साड्या आहेत. दोन इरकल, एक नारायणपेठी, बाकी दुकानात डाग लागलेल्या म्हणून निम्म्या भावात मिळालेल्या.

हे सगळं आज लिहावंसं वाटलं ते मागच्या वर्षीच्या 31 मार्चमुळं. आमच्या धंद्यात 31 मार्च म्हणजे स्टॉक मोजायचा दिवस. त्याच दिवशी जगभर ट्रान्सजेंडर माणसांचा, त्यांनी उघडपणे समोर येण्याचा दिवस पाळतात. 2009 साली अमेरिकेत सुरू झाला तो. आमच्या गावातल्या एका संस्थेनं त्या दिवशी पाच 'यशस्वी तृतीयपंथी' व्यक्तींचा सत्कार ठेवला होता आणि साड्यांची ऑर्डर आमच्या दुकानात आली.

मालक म्हणाले, "सत्काराच्या हायत, आहेरातल्या दे. दोनशे-अडीचशेच्या." आहेराची साडी काय असते ते आमच्या धंद्यातल्याला विचारा. देणारा नेसत नाही, घेणारी नेसत नाही, ती फक्त एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जाते. निऱ्या घातल्या तर फुगतात, पदर टाकला तर घसरतो. ज्या माणसानं साडी नेसता यावी म्हणून घर सोडलं, आईबाप सोडले, त्याला साडी द्यायची तर ती असली? मालकांशी अर्धा तास हुज्जत घातली आणि शेवटी साडेसहाशेच्या पाच काढल्या. वरचा फरक माझ्या पगारातून हप्त्यानं कापला गेला. यात मोठेपणा काही नाही. माझ्या हातून ती साडी निघेनाच.

हॉलवर साड्या पोचवायला मीच गेलो. स्टेजमागच्या खोलीत पाच जणी बसल्या होत्या. त्यातल्या एक ताई, पंचेचाळीशीच्या, डब्यांची खानावळ चालवतात. त्यांच्या साडीच्या निऱ्या सुटल्या होत्या, पिन सापडत नव्हती, आणि माईकवर नावं पुकारायला सुरुवात झालेली. माझ्या खिशात पिना कायम असतात. मी म्हणालो, "ताई, लावून देऊ का?"

खाली गुडघ्यावर बसलो. साडी इरकल होती, सुती, कडक खळीची. अशा साडीच्या निऱ्या नुसत्या दुमडून बसत नाहीत, प्रत्येक निरीच्या कडेवर अंगठ्याचं नख फिरवावं लागतं. सात निऱ्या घेतल्या, टाचेपाशी ओढून सारख्या केल्या, वर पिन लावली. त्या वरून बघत होत्या.

"दादा, हात सरावाचा हाय. घरीबी नेसता काय?"

बायको सोडून कुणाला कधी सांगितलं नव्हतं. पण प्रश्न इतका सरळ आला की तोंडातून "हो" निघून गेलं.

"मंग आमच्यात कामून येत नाही?"

"मला बाई व्हायचं नाही, ताई."

"मंग कामून नेसता?"

"बरं वाटतं."

त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आमाला जन्मभर लोकं म्हणले, साडी नेसलेला गडी. म्या गडी नाही, बाई हाय, हे सांगता सांगता घसा सुकला. आता तुम्ही म्हणता, म्या गडीच हाय अन् साडी नेसतो. लोकांनी आपल्या दोघांत फरक कसा करावा?"

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि त्या गेल्या. मी मागच्या दाराशी उभा राहून कार्यक्रम बघितला.

पाहुण्यांनी मोबाईलवर बघत देशातल्या नावाजलेल्या तृतीयपंथी व्यक्तींची नावं वाचली. मध्य प्रदेशातल्या सोहागपूरमधून आमदार झालेल्या शबनम मौसी. तमिळनाडूतल्या फौजदार प्रीतिका याशिनी. भरतनाट्यम करणाऱ्या नर्तकी नटराज, 2019 च्या पद्मश्री. त्याच वर्षी महाराष्ट्रात निवडणूक आयोगानं सदिच्छादूत केलेल्या गौरी सावंत. नावं एका दमात, तालुक्यांची यादी वाचावी तशी वाचली, पण वाचली. माझ्या लहानपणी 'तसला माणूस' म्हणजे एक तर बाजारात टाळी वाजवणारा, नाहीतर तमाशातला नाच्या, ज्याच्यावर सगळं गाव हसायचं. पोलिसाच्या वर्दीत, पद्मच्या यादीत तसं कुणी असेल हे डोक्यातच आलं नसतं. म्हणून अशा यादीला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही.

मंजम्मा जोगतींचं नाव आलं तेव्हा मात्र मी पुढं सरकलो. कर्नाटकातल्या जोगती नृत्याच्या कलावंत. त्यांचा पद्मश्री घेतानाचा व्हिडिओ मी कितीदा बघितलाय. नोव्हेंबर 2021, राष्ट्रपती रामनाथ कोविंद समोर उभे. मंजम्मांनी पुरस्कार घेण्याआधी पदर हातात धरला आणि दृष्ट काढावी तसा त्यांच्यासमोर फिरवला. शिष्टाचारात ते बसत होतं की नाही देव जाणे. बावीस वर्षं पदर बघणारा माणूस म्हणून सांगतो, तो पदर शिकवून येत नाही.

सत्काराला उत्तर देताना डबेवाल्या ताई दोनच मिनिटं बोलल्या. "ही माझी चौथी शाल. आभारी हाय. पण शाली ठेवायला खोली नाही. तीन महिन्यांत दोन घरमालकांनी काढलं." टाळ्या पडल्या. नेमक्या कशाला पडल्या ते मला कळलं नाही.

त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. भाचा वकिली करतो, त्याच्याकडून 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलचा निकाल मागवला, नालसा निकाल म्हणतात तो. कुणासाठी हवाय म्हणून विचारलं तर सांगितलं, गिऱ्हाइकासाठी. इंग्रजी वाचता वाचता दोन रविवार गेले. ट्रान्सजेंडर म्हणजे कोण याचं वर्णन करताना तिथं एक वाक्य आहे, की दुसऱ्या लिंगाचे कपडे घालायला आवडणारी माणसंही असतात. त्या वर्णनात आमच्याबद्दल तेवढंच. पण दुसरीकडं असंही म्हटलंय की माणसानं पेहराव कसा करावा हा घटनेच्या कलम 19 मधल्या अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. तो परिच्छेद मी तीनदा वाचला. पुढं 2019 साली कायदा झाला, त्याच्या व्याख्येत ट्रान्स स्त्री आली, ट्रान्स पुरुष आला, ऑपरेशन केलेलं असो वा नसो. जन्मतःच शरीर बाई-पुरुष या ठरावीक साच्यात न बसणारे इंटरसेक्स आले, स्वतःला नुसतं बाई किंवा नुसतं पुरुष न मानणारे जेंडरक्वीअर आले, किन्नर, हिजडा, अरावणी, जोगता आले. जोगता हा शब्द सरकारी कागदावर बघून बरं वाटलं, परडी घेऊन दारात येणारे जोगते बघतच मोठा झालोय. साडी नेसणारा संसारी पुरुष त्या यादीत नाही.

आणि खरं सांगू का, त्या यादीत माझं नाव नसावंच. जिल्हाधिकाऱ्याच्या सहीचं ओळखपत्र ताईंना हवं, कारण त्यांचं आधार कार्ड एक सांगतं आणि चेहरा दुसरं. त्यांची एक चेली पोलीस भरतीसाठी पळायला जाते. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेलं तेव्हा कुठं भरतीच्या अर्जात तिसरा रकाना आला. मला कुठला रकाना भरायचाय? कडी काढली की मी परत पुरुष. पगार, भाड्याची खोली, पोरीच्या शाळेतला पालक मेळावा, सगळीकडं 'या, बसा'. ताईंना अशी कुठली कडी नाही. आम्ही दोघं एकच, असं मी उठून म्हणालो तर त्यांनी सोसलेल्यावर फुकटात हक्क सांगितल्यासारखं होईल.

पण मग मला कुठं उभं करायचं? आपल्याकडं साडीतल्या पुरुषाची वानवा कधीच नव्हती. पैठणच्या नाथांनी कितीतरी भारुडं बाईच्या तोंडून लिहिली. आमच्या गावच्या सप्ताहात लुगडं नेसून ती म्हणणारा गडी दिवसा नांगर धरायचा, आणि रात्री त्याच्या पायाला हात लावायला बाया रांग लावायच्या. पोतराज खणांचा घागरा घालून, मळवट भरून दारात आला की आई सुपातून जोंधळे द्यायची. बालगंधर्वांना 1964 साली पद्मभूषण मिळालं, आणि त्यांनी रंगभूमीवर जसं लुगडं नेसलं तसं घराघरांतल्या बायका नेसायला लागल्या. (आमच्या धंद्याचे पहिले मॉडेल म्हणायला हरकत नाही.) देवासाठी नेसा, नाटकासाठी नेसा, पोटासाठी गादीवर नेसा, लोक हात जोडतात नाहीतर भाव विचारतात. 'मला आवडतं' म्हणालात की संपलं. नट गणपत पाटलांनी तर फक्त भूमिका म्हणून नाच्या केला, घरी बायकोमुलं होती, तरी लोकांनी आयुष्यभर त्यांच्याकडं संशयानंच बघितलं.

ताईंच्या प्रश्नाला एवढंच उत्तर सापडलं: फरक त्या सांगतील तो. त्यांनी 'बाई' म्हटलं तर बाई, मी 'गडी' म्हटलं तर गडी. अंगावर काय आहे त्यावरून ठरवायला गेलं की दोघांचंही वाटोळं होतं. हे त्यांना सांगायला नंबर नव्हता, खानावळ कुठं आहे विचारायची हिंमत नव्हती. नाहीतरी उत्तर सहा महिने उशिरा सुचलं होतं.

घटस्थापनेच्या चार दिवस आधी त्या दुकानात आल्या, दोन चेल्यांसोबत. नवरात्राचे नऊ रंग निघाल्यापासून ते दिवस आम्हाला दिवाळीपेक्षा जड जातात, गादीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बाजूला बसलेल्या दोघी जराशा सरकल्या. जागा द्यायला की लांब व्हायला, कळलं नाही. ताईंनी मला ओळखलं. जांभळी, रास्ता काठाची इरकल निवडली.

"दाखवा की अंगावर."

मी उभा राहिलो, पदर खांद्यावर टाकला, आरशाकडं वळलो.

"नुसती खांद्यावर नको. नीट पुरी नेसून दाखवा, निऱ्या कशा पडतेत बघू द्या."

मालक गल्ल्यावरून बघत होते. मी चप्पल बाजूला सारली. शर्टाच्या बाह्या दुमडल्या, कमरेला नाडी बांधली, साडी एक वेढा फिरवून आणली. सात निऱ्या, प्रत्येकीवर नख. टाचेपर्यंत ओढल्या, खोचल्या, पदराच्या चुण्या करून खांद्यावर पिन लावली. घरी जेवढा वेळ घेतो तेवढाच घेतला. कडी लावलेली नसताना पहिल्यांदाच.

ताई दोन पावलं मागं सरकल्या, मान तिरकी करून बघितलं. "पदर जरा खाली घ्या. हां. झकास." मग चेलीला म्हणाल्या, "बघ गं, निरी अशी घ्यायची असती."

बाजूला सरकलेल्या दोघींपैकी एकीनं पुढं होऊन माझ्या अंगावरचा काठ दोन बोटांत धरला, उलटा करून बघितला आणि विचारलं, "भाऊ, हीच हिरव्यात हाय का?"

हिरव्यात नव्हती. मोरपंखी होती. ती काढून दाखवली.